वाकळीच्या कोपऱ्यातलं हळकुंड

बोटाला काहीतरी टणक लागलं – वाकळीच्या कोपऱ्यात, जुन्या लुगड्यांच्या थरांच्या आत, करंगळीच्या पेराएवढं, एका अंगाला किंचित वाकलेलं. अंगठा आपोआप त्याच्यावरून फिरला, वर गेला, खाली आला, परत वर... आणि मग सुकन्याच्या ध्यानात आलं की आपण जागे होतो आहोत. म्हणजे आपण झोपलो होतो.

ती तशीच पडून राहिली, हलली नाही. हललं तर हे खोटं ठरेल अशी एक भीती होती. उन्हाचा पट्टा समोरच्या कोठीवर चढला होता. रोज तो उंबऱ्यावरून आत यायला लागायचा तेव्हा ती जागीच असायची, कोठीपर्यंत पोचलेला मात्र तिनं अंथरुणातून कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. बाहेर अंगणात पॉलिशचा ड्रम फिरत होता, त्यात वाळलेली हळकुंडं एकमेकांवर आदळत होती, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज – आणि त्या आवाजात मी झोपले? आणि हा वास... शिजलेल्या हळदीचा, ओला, मातकट, थोडा रताळ्यासारखा. सगळं कुरुंदा गाव महिनाभर या वासात बुडालेलं असताना तिला तो आज येत होता, कारण आज दोन्ही नाकपुड्या मोकळ्या होत्या. तिनं लांब श्वास घेतला. खोकला आला नाही. वाट पाहिली. तरी आला नाही.

आज बारसं होतं. भावाच्या, शिवहारच्या मुलीचं. आणि आत्या म्हणून कानात नाव तिनंच सांगायचं होतं, जिनं बाळाला अजून दाराच्या चौकटीतूनच पाहिलं होतं – नाकाला पदर लावून, लांबून, एखाद्या सोवळ्यातल्या बाईसारखं.

सर्दी उतरली की घसा धरायचा, घसा सुटला की ओठावर तापाचे फोड. माय गेली थंडीच्या तोंडाशी, आणि तेव्हापासून हे चक्र. वसमतच्या कॉलेजात ती ग्रंथालय सांभाळायची. तिथली मुलं तिला पाहिलं की गमतीनं वाफ घ्यायची खूण करायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती पाहिली, सगळं बराबर निघालं. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "झोप कशी आहे?" झोप नव्हतीच. मायच्या दुखण्यात रात्री तिच्या श्वासावर कान लावून बसायची सवय लागली होती. माय गेली, पण कानांना ते कुणी कळवलंच नाही. ते रोज अंधारात उठून बसायचे. मग ती मोबाइल काढायची आणि झोपेबद्दल वाचायची – कमी झोपणाऱ्यांना सर्दी लवकर गाठते, लससुद्धा त्यांच्या अंगात हवा तसा जोर धरत नाही – पहाटेपर्यंत झोपेचे फायदे वाचत जागी राहायची. याचं हसू यायला हवं होतं. तेव्हा आलं नाही.

"तुमच्या शेतात रानडुकरांसाठी जागल करतात ना?" डॉक्टर म्हणाले होते. "गड्याला दिवसा झोपू दिलं नाही तर काय होतं?"

"पेंगतो."

"आणि डुक्कर येतं. अंगातल्या राखणदारांचंही तसंच आहे, ताई. आपण झोपतो तेव्हा त्यांना भाकरी मिळते, नवे भरती होतात, कालचा चोर कसा दिसत होता ते त्यांच्या ध्यानात पक्कं बसतं. तुम्ही त्यांना उपाशी उभं केलंय. मी गोळी देईन, पण ती उधारीची राखण. खरी राखण तुम्ही झोपल्यावरच सुरू होते."

मग तिनं एकेक गोष्ट धरली. संध्याकाळनंतर चहा बंद. मोबाइल पिठाच्या डब्यात. रोज ठरलेल्या वेळी दिवा बंद करून आडवं होणं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सकाळी अंगणात वाळणाऱ्या हळदीजवळ उन्हात बसणं. पहिले काही दिवस नुसतं छत बघणं झालं. मग तुकडे यायला लागले झोपेचे – टाका इथे, टाका तिथे, मध्ये कापड मोकळं. खोकला मागे सरायला लागला. आणि काल रात्री...

काल रात्री मी एकदाही ऐकलं नाही. मायचा श्वास ऐकायला मी उठले नाही. – हे आत्ता कळलं, आणि छातीत काहीतरी खाली गेलं, जिना उतरताना एक पायरी चुकावी तसं. इतकी गाढ, की ती नसल्याचंसुद्धा मला आठवलं नाही? अंगठा पुन्हा त्या टणक पेरावर गेला. वाकळ मायची होती. ती गेल्यावर बायका अंथरूण देऊन टाकायला निघाल्या तेव्हा सुकन्यानं ती काढून ठेवली होती. आता अंगठ्याला ते हळकुंड सापडलं आणि खाली गेलेलं काहीतरी हळूहळू वर आलं. कारण या हळकुंडावर अंगठा फिरवत झोपायची खोड तिला मायनंच लावली होती. 'तिथं राखणदार बसलाय. तो जागा हाय, तू निज.'

"आक्का उठली का गं?" बाहेरून जनकाकाकूंचा आवाज. "आमी म्हणलं, आज पाळण्यात हिलाच टाकावं लागतंय का काय!"

"काकू, काहून छळून राहिल्या," शिवहार ड्रमच्या आवाजावर ओरडला. "घोरू द्या की तिला. मी ड्रम चालू केला, तर तिचाच आवाज मोठा."

ती हसली. मोठ्यानं, एकटीच, अंथरुणात. उठवलं नव्हतं कुणी. बारशाची तयारी, घरात बायका, तरी कुणी उठवलं नव्हतं – निजलेल्या माणसाला उठवू नये, हा मायचाच कायदा, आणि माय नसताना तो चालू होता.

ती उठून ओसरीवर आली. तिथं जनकाकाकू मांडी घालून बसल्या होत्या. शेजारच्या; सगळ्या गल्लीच्या वाकळी त्यांच्या हातच्या. मांडीवर मायच्या जांभळ्या लुगड्याचं दुपटं. लुगडं सुकन्यानंच काढून दिलं होतं आठवड्यापूर्वी, आणि देताना बोटं सुटता सुटत नव्हती. आता त्यावर धावदोऱ्याच्या ओळी उमटल्या होत्या, नांगरटीसारख्या. एक कोपरा तेवढा उघडा होता.

"हा आत्याचा," काकू म्हणाल्या. "वाकळीचं पोट रिकामं ठेवू न्हाई. हळकुंड घाल अन् मी टाका मारते. पर वाळलेलं घाल बाई. मायसारखं करू नको."

आणि त्या खांदे हलवत हसायला लागल्या. बाळंतिणीच्या खोलीतून राधिकानं, शिवहारच्या बायकोनं, विचारलं, "काय केलं होतं सासूबाईंनी?" – तिला माहीत होतं, पण तिलाही ऐकायचंच होतं.

माय कनेरगावकडची. तिकडे हळद दुकानातून पुडीत यायची. सुकन्या पोटात असताना तिनं पहिली वाकळ शिवली, आणि काकूंनी सांगितल्याप्रमाणे कोपऱ्यात हळद घातली – नुकतीच जमिनीतून काढलेली, ओली, कच्ची. कुरुंद्यात शेंबडं पोरगंही सांगेल की शिजून वाळल्याशिवाय हळकुंड होत नाही. तोवर ते बियाणं. रोहिणीच्या उकाड्यात एके दिवशी माय किंचाळली. तान्ह्या सुकन्याच्या पायाशी, वाकळीची शिवण फोडून, एक हिरवं टोक बाहेर आलं होतं.

"सासरा गल्लीभर वाकळ दाखवत फिरला," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "म्हणे, आमच्या सुनंनं वाकळ पेरली! अन् हिची माय, भागाबाई, लाजून चुलीमागं. बाहेर येईना."

तो कोंब मायनं मोरीच्या पाण्याकाठी लावला. त्याचा वाफा अजून होता. ती वाकळ विरली, मग या मोठ्या वाकळीच्या पोटात गेली, म्हणजे काल रात्री मी तिच्याखालीही निजले होते... सुकन्या उठली. तोंड धुवायला म्हणून मोरीकडे गेली, खाली वाकली, बोटांनी माती उकरली. या वाफ्यातली हळद कुणी काढत नसे. पानं सुकून पडलेली, खाली कांड्या गच्च. एक मोडून घेतली. आत केशरी, थंड, ओली.

कांडी धुतली, हात धुतले, साबणानं, कोपरापर्यंत. मग ती बाळंतिणीच्या दारात उभी राहिली. पदर नाकाशी न्यायला हात उठला आणि अर्ध्यावर थांबला.

"या की आक्का आत," राधिका म्हणाली. "डॉक्टर म्हणले न्हाई का, खोकला थांबला की चालतंय."

बाळ मांडीवर आलं. वजन असं नव्हतंच, ऊब होती. वाटीभर वरणाची असावी तेवढी. मूठ मिटलेली, ओठ झोपेतच काहीतरी चोखत. ही दिवसभर झोपते, आणि झोपेत हिच्या आत राखणदार जन्माला येत आहेत, कुणी शिकवल्याशिवाय हिला ते जमतं... माझं अंग हे विसरलं होतं. आणि त्याला ते आठवलं, माझ्या नकळत, काल रात्री. मायला न विचारता. की मायलाच विचारून?

काकू दुपटं घेऊन आत आल्या, सुई केसांत खोचलेली. शिवहारनं बशीतून ड्रममधलं हळकुंड पुढे केलं, सोन्यासारखं घासलेलं, टणक. सुकन्याच्या मुठीत मात्र मायच्या वाफ्यातली ओली कांडी होती. तिला ती हातात गरम होत चालल्याचं जाणवत होतं.

"घाल गं लवकर," काकू म्हणाल्या. "बाया येतील."

"घालते," ती म्हणाली, आणि दोन्हींतलं एकही घातलं नाही.

बाळानं जांभई दिली. सगळा चेहरा तिच्यात गेला – कपाळ, नाक, हनुवटी – आणि मग परत हळूहळू जागेवर आला. सुकन्याला हसायचं होतं, पण तेवढ्यात तिच्याच गालफडांत काहीतरी सैल झालं, कानांमागून पसरत आलं, आणि भर दिवसा, भावासमोर, तिला तोंडभर जांभई आली. काकू काहीतरी बोलल्या, शिवहार हसला, ड्रमचा आवाज थांबलेला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते जांभईचं होतं, बहुतेक. संध्याकाळी नाव सांगायचं, मग बायका जातील, मग दिवा मालवायचा... तिनं मूठ उघडली, मिटली. आणि येणाऱ्या रात्रीची, लहानपणी यात्रेची पाहावी तशी, तिला वाट पाहावीशी वाटली.