निळ्या पंखाची रेघ

मी एक जुना पंख आहे, पण मी कधी उडालो नाही. उडाला तो माझा साचा: बुडापेस्टबाहेरच्या कुरणातल्या फुलपाखराचा, नखाएवढा निळा पंख. त्याच्यात निळ्या रंगाचा एक कणही नव्हता. त्याच्या खवल्यांत डोळ्यांना न दिसणारी जाळी होती. तिच्यावरून उजेड परतला की निळे दिसे. तशी जाळी माणसांना विणता येईना, म्हणून प्रयोगशाळेने पंखच साचा म्हणून घेतला.

मला घडवले त्या प्रयोगशाळेतल्या काल्मानने. त्याने पंखावर धातूच्या ऑक्साइडचा थर चढवला, इतका पातळ की जाळीचे एकही छिद्र बुजले नाही. मग भट्टी. मित्रांनो, मी जन्मलो तेव्हा माझा साचा माझ्या पोटात जळत होता. तो गेला आणि त्याचा आकार तेवढा उरला. तोच मी. माझी कितीतरी भावंडे भट्टीत तडकली. काहींवर सोने चढवले, ती काळवंडली. मी निळा निघालो. काल्मानने मला चिमट्याने उचलले आणि म्हणाला, "आलास का रे बाबा!"

माझे काम वाफ ओळखण्याचे. वाफ जाळीत शिरली की माझा निळा हिरव्याकडे सरकतो आणि पडद्यावर रेघ उमटते. पाण्याची रेघ बुटकी, दारूची उंच. पाहुणे वाहवा करत. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन काल्मान माझी काचेची डबी उघडायचा आणि फुंकर मारून धूळ उडवायचा. पुष्कळ वर्षे त्या फुंकरीची रेघ बुटकीच होती. त्याची बायको वारली, आणि ती रेघ उंच होऊ लागली. ती बघायला तेव्हा तिथे तो आणि मी, दोघेच.

आम्हा निळ्या फुलपाखरांना तिकडे बोग्लार्का म्हणतात. त्याच्या मुलीचेही नाव तेच. काल्मानचे यकृत खराब झाले होते. आणखी प्यायलात तर वाचणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. 'सोडली,' असा शब्द त्याने मुलीला दिला होता.

ऑक्टोबरात त्याच्या नावाचा दिवस आला; तिकडे पंचांगात प्रत्येक नावाला एक दिवस असतो आणि तो वाढदिवसासारखा साजरा करतात. बोग्लार्का देब्रेत्सेनहून आली. टेबलावर खारे पाव होते, आलुबुखाराची दारू होती. काल्मानच्या पेल्यात मात्र फुलांचे सरबत.

"काल्मानकाका, लेकीला दाखवा की तुमचा पठ्ठ्या!" धाकटा सहकारी तिहामेर म्हणाला. "मारा फुंकर!"

"राहू दे रे. दमलाय तो."

"पंख कधी दमतो होय?"

"फुंक ना, बाबा," बोग्लार्का म्हणाली.

त्याने फुंकले. रेघ सरळ वर गेली.

"घ्या! काकांना सरबत चढलं!" तिहामेर ओरडला. सगळे हसले. बोग्लार्काही हसली.

"यंत्र बिघडलंय मेलं," काल्मान म्हणाला आणि तोही हसला.

मला एवढेच बोलता येते, आणि मी ते बोललो होतो. जरा वेळाने हवा लागली, मी पुन्हा निळा झालो, आणि खाऱ्या पावांची परडी पुढे सरकली.

फेब्रुवारीत काल्मान गेला. त्याचा कोट आणि कप न्यायला बोग्लार्का आली.

"तिहामेर, त्या दिवशी यंत्र खरंच बिघडलं होतं?"

तिहामेर चष्मा पुसत राहिला. "नाही."

"मग हसलास कसा?"

"तू हसलीस ना. मला वाटलं, तुला माहीत आहे."

तिने माझी डबी उघडली, वाकली आणि हळूच फुंकर मारली. बुटकी रेघ आली. तिने डबी लावली, कोट हातावर घेतला आणि ती गेली.

आता मी खणात आहे. जाळीत धूळ बसली आहे. ती कुणी काढावी म्हणून मी हे सांगत नाही. मित्रांनो, तुमच्या माणसाचा रंग जरासा सरकलेला दिसला, तर हसण्याआधी विचारा. तो लगेच पूर्ववत दिसू लागला, तरीही विचारा. हवा लागली की मी पुन्हा निळा होतो. काल्मान झाला नाही.