बेयाचे गुडघे

नवऱ्याचे, मोंजीचे गुडघे धरले तेव्हा बेयाचे ठणठणीत होते. महदिया गावाच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं ती रोज सकाळी बहिणीकडे चालत जायची आणि चालतच परतायची. मोंजीला ते बघवेना.

"मी इथं कुजतोय आणि तू गावभर उंडारतेस?"

"तासाभरात येते की."

"तासाभरात मी मेलो तर?"

बेयानं जाणं सोडलं. त्याला उठवायचं, न्हाणीत न्यायचं, पाय चोळायचे आणि उरलेला वेळ त्याच्याशेजारी गादीवर बसून टीव्ही बघायचा. तो तेलात बुडवून पाव खायचा, सोबत म्हणून तीही खायची. अशी वर्षं गेली. तिचं अंग सुटलं. त्याला उचलून उचलून तिचेही गुडघे कामातून गेले.

मग परदेशी राहणारा मुलगा रियाध मार्सेयहून आला आणि ऑपरेशन करून बापाचे गुडघे बदलवून परत गेला. उन्हाळ्यापर्यंत मोंजी काठीशिवाय चालायला लागला. सकाळी कॉफीवाल्याकडे, संध्याकाळी बंदरावर. बेया गादीवरच.

एकदा रियाधनं फोनवर आईच्या ऑपरेशनचा विषय काढला. मोंजीनं तिच्यादेखत सांगितलं, "तिला कशाला? पहिल्यापासून घरकोंबडी आहे ती."

तो थट्टा करतोय असं वाटून बेया त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली. तो हसला नाही.

"मला बहिणीकडे जायचंय," फोन ठेवल्यावर ती म्हणाली.

"तिला बोलाव इकडे."

"ती अंथरुणाला खिळलीय."

"मग तू जाऊन काय होणार? दोघी गळ्यात गळे घालून रडणार." त्यानं टोपी चढवली आणि बाहेर पडला.

बहीण त्याच वर्षीच्या थंडीत गेली. बेयाला जिना उतरवेना. मोंजी एकटाच चालत मयतीला जाऊन आला.

"बरीच माणसं जमली होती," बूट काढत तो म्हणाला. "जेवायला काय आहे?"

"कुसकुस."

रक्तदाबापायी डॉक्टरांनी दोघांनाही मीठ तोडायला सांगितलं होतं. तिचा दाब त्याच्याहून जास्त होता. बेया कशीबशी चुलीपाशी उभी राहिली. कुसकुसच्या वाफवलेल्या रव्यावर ओतायच्या रश्श्यात तिनं मूठभर मीठ टाकलं, चाखून बघितलं, आणखी थोडं टाकलं.

नेहमीसारखे दोघं एकाच ताटावर बसले. मोंजीनं पहिला घास घेतला आणि मान डोलावली.

"बऱ्याच दिवसांनी तुझ्या हाताला चव आलीय."

"उद्याही असंच करते."

"कर की. तू का थांबलीस? खा."

बेयानं चमचा उचलला आणि त्याच्याबरोबरीनं जेवू लागली.