रोज एक वाचक

आमच्या घरच्या कॉम्प्युटरला मी म्हातारबा म्हणते. चालू केला की तो आधी खोकतो, मग पंखा घरघरवतो आणि मनात आलंच तर जागा होतो. अशा म्हातारबाच्या पोटात मी, दहावीतल्या मुलीनं, एकटीनं अख्खा ब्लॉग उभा केला! पुढे माझी फजितीही सांगणारच आहे, तेव्हा तोवर मला थोडा भाव खाऊ द्या.

आई जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. नऊ महिन्यांसाठी गेली होती, त्यात आणखी चार महिने वाढले. "माणसं कमी पडताहेत गं," एवढंच फोनवर म्हणाली. जहाजावरचं नेट म्हणजे गोगलगाय. आवाज कसाबसा पोचतो, फोटो वाटेतच अडकून बसतात. म्हणून मी ठरवलं, नुसत्या अक्षरांचा ब्लॉग काढायचा. तिला सवड मिळेल तेव्हा तिनं उघडावा आणि वाचावा.

व्हिडिओ बघून बघून शिकले. आधी म्हातारबालाच सर्व्हर बनवणारा प्रोग्रॅम टाकला, मग डेटाबेस तयार केला, मग ब्लॉगचं सॉफ्टवेअर त्याच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवलं. तरी पुन्हा पुन्हा एकच पाटी: डेटाबेसशी संपर्क होत नाही. शेवटी कळलं, पासवर्डच्या शेपटीला माझ्याकडून एक मोकळी जागा पडली होती. एवढ्याशा जागेनं माझा अख्खा रविवार खाल्ला! ती काढली आणि ब्लॉगचं पान उघडलं. मी अशी काही किंचाळले की शेजारच्या काकू धावत आल्या, "कोण पडलं?"

सॉफ्टवेअरनं नमुन्याची पहिली पोस्ट आधीच ठेवली होती: 'नमस्कार, जग!' मी 'जग' खोडलं आणि 'आई' लिहिलं.

पत्ता आईला पाठवला. तिसऱ्या दिवशी तिचा फोन. "ऐकलंस का, मांजरीनं बाबांच्या बुटात पिल्लू आणून ठेवलं ना, तिथे मला हसू आवरेना. पण उद्गारचिन्हं किती गं ती! एका ओळीत चार-चार?"

मी हवेत! वाचक मोजणारा आकडाही रोज एकनं वाढायचा. मी स्वतः लॉगिन करून आत असले की ती भेट धरायची नाही, असं मी त्याला बजावून ठेवलं होतं. म्हणजे तो एक वाचक आईच, दुसरं कोण?

मग एका सोमवारी मी वेगळीच पोस्ट लिहिली. गंमतजंमत नाही, उद्गारचिन्ह एकही नाही. 'आई, ते चार महिने जहाजवाल्यांनी वाढवले की तू? तुला घरी यावंसं वाटतं ना?'

आकडा एकनं वाढला. बुधवारी फोन आला. आई मांजरीबद्दल बोलली, गणिताच्या सरांबद्दल बोलली. त्या प्रश्नाबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे वाचलं आणि गिळून टाकलं. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.

शुक्रवारी शाळेत कॉम्प्युटरच्या मॅडमनी विचारलं, "काय गं, तुझ्या ब्लॉगचा पत्ता काय?" मी लिहून दिला. त्या हसल्या, मग माझं तोंड बघून थांबल्या.

"अगं, या पत्त्याचा अर्थ 'मी जिथे बसलेय तेच मशीन'. आईनं फोनवर टाकला तर तो तिच्या फोनमध्येच शोधत बसणार. तुझा ब्लॉग अजून घराबाहेर पडलेलाच नाही."

"पण आकडा वाढतो ना!"

"मग तो वाचक तुझ्या घरातच आहे बघ."

शेवटचे दोन तास मोकळे होते. मी घरी पळत सुटले.

दाराशी पोचले तर आतून बाबांचा आवाज. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासतात, दुपारपाळीला. तिथे एकानं मोठ्यानं वाचायचं, चिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं ताडून बघायचं. इतक्या वर्षांत त्यांना दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं वाचताच येत नाही.

"सरांनी छत्री झटकली स्वल्पविराम आणि ती वर्गातच उलटी झाली उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह…"

फोन स्पीकरवर होता. पलीकडे आई खिदळत होती.

"बाबा!"

बाबा असे दचकले, जणू कॉपी करताना सापडले. "अगं, हिच्याकडे पान उघडेना. तू एवढी हरखलेली. म्हटलं, आवाज तर पोचतोय."

"मग सोमवारची पोस्ट?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ती नाही वाचून दाखवली."

"का?"

"दोनदा बसलो होतो." मग अगदी हळू, "ती नाही म्हणाली असती तर?"

हा प्रश्न बाबांनाही पडत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काय कुजबुज चाललीय? कुठली पोस्ट?" फोनमधून आई.

मी खुर्ची ओढली आणि वाचली. दोन प्रश्नचिन्हं होती. ती काही मी मोठ्यानं म्हटली नाहीत.

मग आई म्हणाली, "मीच वाढवले. माझ्या जागी येणारा माणूस आलाच नाही, आणि मधेच सोडून यायला मन धजेना. तुम्हा दोघांना आधी विचारायला हवं होतं. पण ऐक, इथे माझ्या खोलीत दिव्याचं बटण दाराच्या उजवीकडे होतं. पाळी संपवून आले की अंधारात माझा हात रोज डावीकडेच जायचा. नुसती भिंत चाचपत राहायचे. शेवटी गेल्या महिन्यात वायर ओढून मी बटण डावीकडे घेतलं. इंजिनिअरसाहेब म्हणाले, हे कशाला? त्यांना काय सांग…"

रेंज गेली.

आम्ही दोघांनी एकदमच दाराकडे बघितलं. बटण डावीकडे. पिवळं पडलेलं, कोपऱ्याचा टवका उडालेला. दिवसातून दहादा दाबते मी ते, पण कुठल्या बाजूला आहे हे कधी पाहिलंच नव्हतं. बाबा उठले आणि भर दुपारी त्यांनी दिवा लावला.

सोमवारच्या पोस्टखाली मी आईचं उत्तर टाइप करायला घेतलं. बाबा पायात बूट चढवून माझ्या पाठीशी उभे.

"'राहायचे'नंतर पूर्णविराम दे."

"बाबा, तुम्हाला उशीर होतोय."

"होऊ दे. वाच पुन्हा एकदा, बटणापासून."