पाय लाल असू देत

गारपीट थांबली तेव्हा उजाडलं होतं. सिक्स्तोची लव्हाळ्याची होडी उलटी होऊन काठाला लागली होती आणि सिक्स्तोचा पत्ता नव्हता.

त्याच्या बायकोने, निकासियाने, रडण्यात वेळ घालवला नाही. दिराची होडी पाण्यात लोटून ती चढून बसलीसुद्धा.

"वहिनी, तुम्ही कशाला? मी बघून येतो की," बाल्बिनो म्हणाला.

"तुम्हाला कळपातला स्वतःचा लामा ओळखता येत नाही, भावजी. चला."

तळ्यात वादळाने गाठलं तर अजोयाचं घरटं गाठायचं, हे इथे सगळ्यांना ठाऊक. अजोया हा बदकाहून थोराड, काळा पक्षी. इतका जड, की अंगाने भरल्यावर त्याला उडताच येत नाही. पाणगवत रचून तो खाटेएवढं घरटं बांधतो आणि दरवर्षी त्यात भर घालतो. त्यावर माणूस खुशाल पडून राहतो. चढण्याआधी अंगावरचा पोंचो, घोंगडीसारखा, पक्ष्यावर फेकायचा, म्हणजे तो टोचत नाही. सिक्स्तो मागे एकदा असाच वाचला होता आणि तरीही टोचलेला कान गावभर मिरवत फिरला होता. पण अजोयाचाच धाकटा भाऊबंद म्हणजे चोका. तोही काळाच, मात्र त्याचं घरटं म्हणजे नुसता ओला पाचोळा.

धुकं जरा विरळ झालं. लांबवर एका घरट्यावर काळा पक्षी बसला होता आणि त्याच्या बाजूला काहीतरी तपकिरी पसरलेलं दिसत होतं.

"दादाचा पोंचो! वहिनी, अजोयाच आहे. केवढा मोठा!"

"मोकळ्या पाण्यावर बदकही मोठंच दिसतं. पाय दिसतात का ते सांगा."

अजोयाचे पाय लालभडक, चोकाचे हिरवट. पण तो मेला पाय पोटाखाली घेऊन बसलेला. पाखराच्या पायांच्या रंगावर एका बाईचा संसार टांगलेला असावा, हा कुठला न्याय!

निकासियाने कमरेच्या पिशवीतली कोकाची पानं पाण्यात सोडली. "तळ्याच्या आई, पाय लाल असू देत," ती पुटपुटली.

"दादा! ए दादा!" बाल्बिनोने हाक मारली.

त्या आवाजाने पक्षी उठला आणि पंख आपटत पाण्यावरून धावत सुटला. भ्यायलेला अजोयाही असाच धावतो.

"धाव रे बाबा," निकासिया म्हणाली. "नुसता धाव."

पक्षी पाण्यावरून वर उचलला गेला. त्यांच्या डोक्यावरून उडत तो धुक्यात दिसेनासा झाला.

"घाबरला बिचारा," बाल्बिनो हसत म्हणाला आणि जोराने वल्हवू लागला. "दादा, ऊठ की! वहिनी आल्यात!"

होडी घरट्याला टेकली. पोंचो नुसताच पडला होता. बाल्बिनोने आधारासाठी वल्हं टेकवलं, तर ते पाचोळ्यातून आरपार खाली गेलं.

"आता हाका मारू नका, भावजी," निकासिया म्हणाली. "लांब काठी घ्या आणि गाळात चाचपा."