उसना आवाज

भाचीने गिटार जेवणाच्या टेबलावर पालथी घातली आणि तिच्या पाठीचे स्क्रू काढायला घेतले, तेव्हा मामीने निवडलेल्या भाजीचं ताट उचलून ओट्यावर नेलं. आठवडाभर हेच चाललं होतं. चांगल्या इलेक्ट्रिक गिटारला मागून कोरून भाचीने एक खळगा केला होता, त्यात वाटीएवढा स्पीकर बसवून तो चहूबाजूंनी बंद केला होता आणि त्यातून एक पारदर्शक नळी बाहेर काढली होती. तारेचा आवाज नळीतून तोंडात घ्यायचा, ओठ आणि जीभ हलवून त्याला आकार द्यायचा. मग तार बोलायला लागते, असं तिचं म्हणणं.

मामीला हे नसते उद्योग वाटत. पण घरात काहीतरी वाजतंय याचंच तिला बरं वाटे.

मामांचा आवाज गेला होता. बाजारात लिलाव पुकारणारा माणूस. त्यांनी बोली पुकारली की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक मान वळवायचं. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. श्वासासाठी गळ्याला भोक राहिलं, त्यावर ते रुमाल बांधत. ओठ हलवून बोलत, ते फक्त मामीला कळे. आल्यागेल्याला ती सांगायची, हे म्हणतायत बसा, हे म्हणतायत घाई काय आहे. कधीकधी मामांनी ओठ हलवण्याआधीच ती सांगून मोकळी व्हायची. मग मामा हात उडवून खिडकीबाहेर बघत बसायचे.

भाचीने झाकण लावलं, नळी दातांत धरली आणि तार छेडली. तिच्या तोंडातून गिटार 'वाऽ' म्हणाली, मग 'याऽ'. मामांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. उठून टेबलाशी आले आणि नळीकडे बोट दाखवलं.

मामी म्हणाली, ते विजेचं लचांड आहे, नको. पण भाची तोवर नळीचं टोक धुऊन आली होती.

"जोर लावू नका मामा. रोजच्यासारखं नुसते ओठ हलवा."

पहिल्यांदा बिघडलेल्या पंख्यासारखी घरघर झाली. मामा खांदे हलवून बिनआवाजी हसले. भाचीने जाड तार निवडली, सूर खाली उतरवला आणि लांबवत ठेवला. मामांनी डोळे मिटले.

"अगं."

"ओ," मामी म्हणाली. म्हणून गेली, आणि मग तिचा हात आपसूक तोंडावर गेला.

आवाज त्यांचा नव्हता. लोखंडाचा होता, तारेचा होता. पण 'ग' वरचा तो हेलकावा, शेवटाला शब्द किंचित वर उचलणं, ते मात्र त्यांचंच. मामी जवळ आली. तिने त्यांच्या गळ्यावर तळवा ठेवला. तिथे काहीच थरथरत नव्हतं. मग गालावर ठेवला. गालाच्या आत सूर गुणगुणत होता, माठात मधमाशी अडकावी तसा. भाची वाजवायचं विसरली.

मामांनी तिला बोटाने खुणावलं, चालू ठेव.

तार पुन्हा घुमली. मामा मामीकडे बघत होते. खिडकीकडे नाही.

"दमलीस गं तू."

शब्द नळीत गुरफटले, कडा बोथटल्या. भाचीला सूर तेवढा ऐकू आला.

"काय म्हणाले मामा?"

मामी टेबलावर सांडलेला लाकडाचा भुसा तळव्याने गोळा करत राहिली.

"चहा मागतायत," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.