वाटणीचा मलिदा

राखीने मलिद्यासाठी गरम पोळ्या कुस्करायला घेतल्या, तेव्हाच दीनाला कळलं की सुनेचं चुकतंय. ती तशीच तुरीच्या शेंगा सोलत बसली.

दीनाच्या ज्यू माहेरी एलियाहू नबीच्या नावाचा मलिदा पोह्यांचा असतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर. केनवडच्या राखीला मात्र ठाऊक होता तो दर्ग्यावरचा, पोळी आणि गुळाचा. चुकू दे, दीनाने ठरवलं. एकदा तरी माझ्या आईची बोलणी खाऊ दे हिला.

जळफळाट व्हावा असंच होतं. रिसोडच्या जानरावांशी लग्न केलं म्हणून अलिबागच्या मिलकाबाईंनी पोटच्या मुलीशी तीस वर्षं अबोला धरला. जानरावांना देवधर्म पटत नसे, आणि आईवरच्या रागाने दीनानेही शुक्रवारचा दिवा कधी लावला नाही. आणि ही कालची पोरगी नातसून म्हणून आपणहून फोन करते काय, दर शुक्रवारी प्रार्थना शिकते काय! दीनाचं हक्काचं माहेर हिने आयतं बळकावलं होतं.

दिवा लावायच्या आधी फोन आला. राखीने स्पीकर लावला.

"आजी, मलिदा झाला. तुमी कर म्हणलं, तं केला."

"पोहे नीट भिजलेत ना? कोरडे राहिले तर घशात अडकतात."

राखीचा हात थांबला. तिने ताटाकडे पाहिलं, मग सासूकडे. दीनाला मनातून गुदगुल्या झाल्या.

"गप्प का गं? सासूला दाखव. तिच्या हातासारखा मलिदा आमच्या आळीत कुणाला जमत नव्हता."

दीनाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आजी, माह्यं…" राखीचे डोळे भरून आले.

"भिजले ना व आई," दीना म्हणाली. "मस्त भिजले. म्या पाह्यले."



"पाह्यले म्हणते." मिलकाबाईंचा आवाज खाली आला होता. "बोलणं पार तिकडचं झालं तुझं."

"तीस वर्सं झाले, आई."

"हं. माझ्या वाटणीचं गोड कमी घाल. शुगर निघाली आहे मला."

फोन बंद झाला. राखी डोळे पुसत म्हणाली, "आई, चुकलं माह्यं."

दीनाने ताटातून एक वाटी मलिदा बाजूला काढला आणि त्यातले गुळाचे खडे एकेक करून वेचायला लागली.