ओळखीचा आवाज

"मुलांना तुमचा आवाज ओळखीचा आहे, म्हणूनच हाक तुम्ही मारायची," मुख्याध्यापिका ट्रॅस्कबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक कागद वेन्डेलपुढे सरकवला.

वेन्डेलने चष्मा लावून कागद वाचला. भोंगा वाजला की वर्गांना कुलपं, दिवे बंद, मुलं खिडकीपासून लांब भिंतीला टेकून गप्प. इथवर त्याला काही नवीन नव्हतं. शाळा सुरू झाल्यापासून ही कवायत दोनदा झाली होती. नवीन होतं ते शेवटचं कलम. पहारेकऱ्याने एकेका दारावर टकटक करायची, मुलांना नावाने बोलवायचं आणि सगळं ठीक आहे, दार उघडा, असं सांगायचं. ज्या वर्गाचं दार आतून उघडेल तो वर्ग नापास.

"म्हणजे मी त्यांना फसवायचं," तो म्हणाला.

"पारखायचं."

"बाई, त्यातली काही सहा वर्षांची आहेत."

ट्रॅस्कबाई दुष्ट नव्हत्या. एकोणीस वर्षं त्या ही शाळा चालवत होत्या आणि गेलं वर्षभर त्यांना धड झोप नव्हती. "पलीकडच्या जिल्ह्यातल्या शाळेत तो बंदूकवाला आला, तेव्हा त्याने दार फोडलं नाही, वेन्डेल," त्या म्हणाल्या. "नुसतं वाजवलं. शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता तो पूर्वी. पोरांनी आवाज ओळखला आणि उघडलं." मग कागदावरची घडी बोटाने सपाट करत त्या म्हणाल्या, "नावडत्या माणसाकडून ही परीक्षा होत नाही. माझ्या हाकेला तर ती एरवीही येत नाहीत."

वेन्डेलने कागदाखाली सही केली.

वेन्डेल प्रूइट एक्कावन्न वर्षांचा होता. कॅन्ससमधल्या त्या गावात आणि आसपासच्या शेतवाड्यांवर तो सव्वीस वर्षं गॅसचा टँकर नेत असे. कुणाची शेगडी नीट पेटत नाही, कुणाची टाकी गळते, हे त्याला त्या घरच्या माणसांआधी कळे. महिन्यातले दोन दिवस तो लष्कराच्या राखीव दलात जाई. तरुणपणी नाव घातलं होतं, काढायचं राहून गेलं. एकदा वर्षभर वाळवंटात लढाईवर पाठवलं, तिथेही त्याने ट्रकच हाकला. त्या वर्षात आपण एकही गोळी झाडली नाही, हे तो कुणाला सांगत नसे. पलीकडच्या जिल्ह्यातलं ते प्रकरण झालं आणि दर सरकारी शाळेत एक राखीव सैनिक उभा करायचा असं ठरलं. वेन्डेलच्या वाट्याला पहिली ते पाचवीची शाळा आली. लोरेन, त्याची बायको, म्हणाली, "वाळवंटात निदान तुला ट्रक तरी दिला होता. इथे नुसता खांबासारखा उभा राहणार होय?"

पण खांबासारखं उभं राहणं त्याला जमलं नाही. सुरुवातीला मुलं त्याच्या कमरेच्या पिस्तुलाला भिऊन भिंतीकडेने जायची. मग कुणाच्या बुटाची नाडी सुटली, कुणाच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं, आणि वेन्डेलचे हात मोकळेच होते. ऑक्टोबर उजाडेपर्यंत शाळेत ट्रॅस्कबाईंपेक्षा त्याचं वजन जास्त झालं होतं.

त्यातही पहिलीतली हॅटी. तिला तिची आजी जुनाट गाडीतून सोडायला येई. शाळेला नवं लोखंडी दार बसवलं होतं, विजेच्या कुलपाचं. ते पाठीमागे धाडकन बंद होई आणि त्या आवाजाने हॅटीच्या काळजाचं पाणी होई. ती गाडीतला पट्टा दोन्ही हातांनी धरून बसायची. आजी आधी गोड बोलायची, मग ओरडायची, मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या. वेन्डेलने तिसऱ्या दिवशी दार उघडून आपला बूट मध्ये घातला आणि ते तसंच अडवून धरलं. नियमात हे बसत नव्हतं. तो गाडीपाशी वाकत नसे, हात धरत नसे. तिथूनच म्हणे, "ये, हॅटी. मी आहे ना." एवढं ऐकलं की ती उतरायची आणि त्याच्या काखेखालून आत जायची. रोज. हे आपल्याला जमतं याचा वेन्डेलला मनातून फार अभिमान होता.

कवायत नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी झाली. पाचवीची मुलं आतून खुसुखुसु हसली, पण दार उघडलं नाही. चौथी, तिसरी, दुसरी, सगळ्यांची दारं बंद राहिली. वेन्डेल हाका मारत पुढे सरकत होता आणि ट्रॅस्कबाई त्याच्या मागून कागदावर खुणा करत येत होत्या. पहिलीचा वर्ग शेवटी आला. वर्गशिक्षिका मिस लिंडग्रेन, वय वर्षं पंचवीस, मुलांना घेऊन आत अंधारात बसली होती. वेन्डेलने टकटक केली. "मी वेन्डेल. सगळं ठीक आहे. उघडा दार." आत सामसूम. ट्रॅस्कबाईंनी नावाने बोलवा अशी खूण केली. त्याने दोघांची नावं घेतली. काही नाही. तो तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण वेन्डेल नाकासमोर चालणारा माणूस. काम अंगावर घेतलं की ते पुरतं करायचं, अर्धवट सोडायचं नाही.

"हॅटी," तो म्हणाला. "मी आहे ना."

कागदावर हे शब्द नव्हते. ते त्याने स्वतःहून घातले होते, आणि पुढे कितीही वेळा त्याने मनाशी वाद घातला तरी हे काही त्याला पुसता आलं नाही.

आत पावलं धावली. मिस लिंडग्रेन दबक्या आवाजात "नको, नको" म्हणाली. कुलपाची कळ आतून फिरली आणि दारात हॅटी उभी राहिली. पुढचा एक दात पडलेला, आणि ती हसत होती.

मागच्या अंधारातून एक मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, "आता आपण सगळे मेलो." खेळातून बाद झाल्यावर मुलं सांगतात, त्याच सुरात. हॅटीने वळून त्याच्याकडे पाहिलं, मग वेन्डेलकडे. तिचं हसू गेलं. मिस लिंडग्रेनने वेन्डेलकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली.

हॅटीची समजूत त्यानेच घालावी असं ट्रॅस्कबाईंचं म्हणणं पडलं. तो हॅटीसमोर गुडघ्यावर बसला.

"मी बोलावलं तरी उघडायचं नाही, बेटा."

"पण तुम्हीच होता."

"मी असलो तरी नाही. बाई बोलल्या तरी नाही. स्पीकरवरून सांगितलं तरी नाही. मोठी माणसं बाहेरून किल्लीने दार उघडतील. तू आतून कधीच उघडायचं नाहीस."

हॅटीने बराच विचार केला. "आजी असली तर?"

वेन्डेलने ट्रॅस्कबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"आजी असली तरी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी थांबली तशी हॅटी आपणहून उतरली. वेन्डेलने दारात बूट घातलेला होता. ती त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून दाराच्या दुसऱ्या कडेने आत गेली. आजीने काच खाली करून विचारलं, "काय जादू केलीस रे बाबा? आज हूं की चूं नाही." वेन्डेलने हात वर केला आणि पाय काढून घेतला. दार धाडकन बंद झालं, पण आतली पावलं थांबली नाहीत. त्या रात्री त्याने लोरेनला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांना हवं होतं ते तू करून दिलंस," आणि त्याचं जेवणाचं ताट तसंच उचलून नेलं.

फेब्रुवारीत एका सकाळी, पावणेअकराच्या सुमाराला, भोंगा खरा वाजला. शाळेमागच्या शेतात बंदूक घेतलेला माणूस दिसल्याचं कुणीतरी कळवलं होतं. दारं लागली, दिवे गेले. वेन्डेलच्या वायरलेसवर एकेका वर्गाचा आकडा येऊ लागला. मिस लिंडग्रेनचा आवाज कापत होता. एक कमी आहे. हॅटी संडासला गेली आहे.

वेन्डेल धावला. मुलींचा संडास शाळेच्या अगदी मागच्या टोकाला होता. शेजारी मागचं दार, त्याला काच, आणि काचेपलीकडे ते शेत. आत तीन कप्पे. दोन उघडे, तिसऱ्याला आतून कडी. खालच्या फटीतून पाय दिसत नव्हते. शिकवलं होतं तशी ती भांड्यावर चढून उभी होती.

समोर दहा पावलांवर पुस्तकांची खोली होती, जाड भिंतींची, बिनखिडकीची. तिथे तिला नेऊन बाहेरून कुलूप लावलं की ती सुखरूप. त्यासाठी तिने फक्त कडी काढायला हवी होती.

"हॅटी," तो हलकेच म्हणाला. पुढचे तीन शब्द त्याच्या ओठांवर आले आणि त्याने ते गिळले. तो जे काही म्हणेल, ते वाईट माणूसही म्हणाला असता. हे तिला त्यानेच पढवलं होतं. दाराखालून सरपटत आत जाता आलं असतं. पण पिस्तूल लावलेला माणूस फटीतून आत येताना पाहून ती किंचाळली असती, आणि काचेपलीकडे काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने शाळेत पहिल्यांदाच पिस्तूल बाहेर काढलं, तिच्या दाराला पाठ टेकून फरशीवर बसला आणि बाहेरच्या वाटेकडे तोंड केलं. येणाऱ्याला आधी आपण लागू, एवढाच हिशोब त्याला सुचला.

अडतीस मिनिटं तो तसाच बसून होता. त्याला नुसता तिचा नाकाने चाललेला श्वास ऐकू येत होता. तोंड तिने दाबून धरलं असावं. थोड्या वेळाने दाराखालून ओल आली आणि त्याच्या पँटला लागली. तो हलला नाही. आपण हललो तर आपल्याला कळलंय हे तिला कळेल, असं त्याला वाटलं. वाळवंटात कधी भ्याला नव्हता इतका तो त्या फरशीवर भ्याला.

शेतातला माणूस कोल्ह्यांच्या मागावर आलेला कुणी शिकारी निघाला. पोलिसांनी त्याला धरून नेलं. स्पीकरवरून ट्रॅस्कबाई बोलल्या, किल्ल्या फिरल्या, वर्ग एकेक करून उघडले. फक्त संडासाच्या कडीला किल्ली नव्हती. सगळे नियम करणाऱ्यांपैकी कुणाच्याच हे ध्यानात आलं नव्हतं.

मिस लिंडग्रेनने हाका मारल्या. हॅटी बोलली नाही. आजी धावत आली. आधी रडली, मग रागावली, मग घरी पॅनकेक करते म्हणाली. आतून श्वासाखेरीज काही नाही. शेवटी ट्रॅस्कबाई स्वतः पुढे झाल्या. "हॅटी, मी सांगते आहे, आता उघडायचं," असं म्हणताना त्यांचा आवाज मध्येच फुटला आणि त्या बाजूला झाल्या.

खालच्या फटीतून शिरून तिला आणखी भेदरवायचं नव्हतं, म्हणून वेन्डेलने आपल्या गाडीतून स्क्रूड्रायव्हर आणला. दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरच्या बाजूला होते. तो दाराशी तोंड नेऊन म्हणाला, "हॅटी, मी दार काढतोय. तू उघडायचं नाहीस. तू काहीच करायचं नाहीस."

गंजलेले स्क्रू होते, वेळ लागला. शेवटचा निघाला तसं दार त्याच्या अंगावर आलं आणि त्याने ते दोन्ही हातांनी पेललं. हॅटी भांड्यावर उभी होती, तोंडावर दोन्ही हात. तिने आजीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. सगळी खरंच तीच माणसं आहेत अशी खातरी पटल्यावर तिने हात खाली घेतले.

"मी नाही उघडलं," ती म्हणाली.

"नाही उघडलंस," वेन्डेल म्हणाला. "शाब्बास."

आजीने तिला ओल्या कपड्यांनिशी उचललं. बायका तिला मध्ये घेऊन निघून गेल्या. वेन्डेलने दार भिंतीला टेकवून पाहिलं, पण गुळगुळीत फरशीवरून ते सारखं घसरत होतं. मग ते तसंच हातात धरून तो तिथे उभा राहिला.